मुंबई प्रांताची पहिली विधानसभा (१९३७–१९४६)

१९३५ च्या भारत सरकार कायद्यान्वये मुंबई प्रांतात स्थापन झालेल्या द्विगृही विधिमंडळाचे कनिष्ठ सभागृह. कायद्याने तिची मुदत पाच वर्षांची होती. प्रत्यक्षात १९३७ च्या आरंभी निवडून आलेले सदस्य १९४६ च्या निवडणुकीपर्यंत बदलले नाहीत. जवळजवळ नऊ वर्षांच्या या कालखंडात सभागृहाचे कामकाज मात्र सव्वादोन वर्षेच चालले. तिच्याआधीचे, १९३० मध्ये निवडलेले कायदेमंडळही मुदतवाढीवरच १९३७ पर्यंत टिकले होते.

रचना : सिंध १९३६ मध्ये वेगळा झाल्यानंतर उरलेल्या प्रांतासाठी एकूण १७५ जागा ठरल्या. त्यांपैकी ११४ सर्वसाधारण (त्यांत अस्पृश्य वर्गांसाठी १५ व मराठ्यांसाठी ७ राखीव), २९ मुसलमानांच्या, ७ व्यापार-उद्योगाच्या, ७ कामगारांच्या व ६ स्त्रियांच्या. बाकीच्या युरोपीय, अँग्लो-इंडियन, भारतीय ख्रिस्ती, जमीनदार, विद्यापीठ व मागास प्रदेश यांत वाटलेल्या. मताधिकार मालमत्ता व शिक्षण यांवर आधारलेला होता. काँग्रेसने ८६ जागा मिळवल्या. स्पष्ट बहुमताला दोन कमी. डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने १७ जागा लढवून १४ जिंकल्या. स्थापनेला वर्षही न झालेल्या पक्षाचे हे यश असाधारण मानावे लागते.

मंत्रिमंडळे : गव्हर्नर आपले विशेषाधिकार वापरणार नाहीत, असे आश्वासन मिळेपर्यंत काँग्रेसने अधिकारग्रहण नाकारले. म्हणून १ एप्रिल १९३७ रोजी सर धनजीशा कूपर यांचे अल्पमतातील मंत्रिमंडळ आले. सभागृहाला एकदाही सामोरे न जाता ते जुलैत पायउतार झाले व बाळ गंगाधर खेर प्रांताचे पंतप्रधान झाले. नेतेपदासाठी के. एफ. नरिमन यांना डावलल्यावरून वाद झाला. गांधीजी व डी. एन. बहादूरजी यांनी चौकशी करून, त्यासाठी जबाबदार धरल्या गेलेल्या वल्लभभाई पटेलांवरील आरोप अमान्य केले. पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये जुलै १९३७ मध्ये अधिवेशन भरले आणि गणेश वासुदेव मावळंकर सभापती झाले.

कामकाज : मंत्र्यांचे मासिक वेतन ५०० रुपये ठरवणाऱ्या विधेयकापासूनच आंबेडकर व सरकार यांच्यात खटके उडू लागले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक मांडले. कोकणातील खोत सरकार व कूळ यांच्या मध्ये उभा राहून वसुली करी. कुळाने सरळ सरकारला सारा भरावा, हा विधेयकाचा गाभा. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चाने आले. खासगी सदस्याचे हे विधेयक मंजुरीपर्यंत पोचले नाही, तरी कोकणच्या कुळांचा प्रश्न सभागृहाच्या पटलावर पहिल्यांदा इतक्या ठामपणे मांडला गेला तो यामुळेच.

सर्वांत कडवी चर्चा १९३८ च्या औद्योगिक कलह विधेयकावर झाली. संपापूर्वी नोटीस व समेटाची कार्यवाही सक्तीची करून त्या काळातील संप बेकायदा ठरवणारी ही तरतूद होती. गृहमंत्री कन्हैयालाल मुनशी असलेल्या सरकारने ती औद्योगिक शांततेसाठी आवश्यक ठरवली. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव, अशी आंबेडकरांची भूमिका होती. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट यांनी मिळून संप पुकारला. मुंबईत गोळीबार झाला. विधेयक तरीही मंजूर झाले. कामगार कायद्याच्या इतिहासात या सभागृहाचे स्थान मुख्यतः याच चर्चेमुळे आहे.

बार्डोलीच्या जप्त जमिनी परत करणे, मंदिरप्रवेशातील अडथळे दूर करणे, दुकाने व आस्थापना, कूळ आणि शेतकऱ्यांचे कर्जनिवारण यांविषयीचे कायदे १९३८–३९ मध्ये झाले. मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९ पासून दारूबंदी लागू झाली.

विधान परिषद : वरिष्ठ सभागृह कायम स्वरूपाचे होते, अध्यक्ष मंगलदास पक्वासा.

स्थगिती व मुदतवाढ : दुसऱ्या महायुद्धात भारताला परस्पर ओढल्याच्या निषेधार्थ खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. नोव्हेंबर १९३९ मध्ये गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांनी १९३५ च्या कायद्याच्या कलम ९३ खाली विधिमंडळाचे अधिकार स्वतःकडे घेतले. सभागृह विसर्जित न होता स्थगित राहिले. कायदे गव्हर्नरच्या सहीने होऊ लागले आणि अंदाजपत्रकावर मत देणारे कोणी उरले नाही. पाच वर्षांची मुदत १९४२ मध्ये संपणार होती. त्याआधीच, १९४१ मध्ये, ब्रिटिश संसदेने युद्धसमाप्तीनंतर बारा महिन्यांपर्यंत प्रांतिक निवडणुका लांबवण्याची तरतूद केली. कलम ९३ खालील कारभाराची तीन वर्षांची कमाल मर्यादाही पुढे तिनेच शिथिल केली. मतदारांचा कौल घेण्याचा निर्णय अशा रीतीने मतदारांना उत्तरदायी नसलेल्या संसदेकडे गेला, ही या मुदतवाढीतील सर्वांत गंभीर बाब होय. सभापती मावळंकरांसह अनेक सदस्यांना या काळात तुरुंगवास घडला.

१९४६ च्या निवडणुकीत काँग्रेसने १२५ जागा जिंकल्या. खेर पुन्हा पंतप्रधान झाले व नव्या विधानसभेचे सभापतिपद कुंदनमल फिरोदिया यांच्याकडे आले. औद्योगिक कलह कायद्याची जागा १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने घेतली. खोती १९४९ च्या कायद्याने रद्द झाली.