रहाटपाळणा : एका अस्ताची न झालेली नोंद

दिल्लीचे अप्पूघर १९८४ साली सुरू झाले आणि २००८ साली बंद पडले. गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये उघडले. २०२२ मध्ये त्याचे दरवाजे मिटले तेव्हा मुंबईकरांनी भरभरून आठवणी लिहिल्या. भिंत, फाटक आणि तिकीटखिडकी असलेल्या करमणुकीला मृत्युतिथी असते. मराठवाड्यातील करमणुकीला मात्र भिंतच नव्हती. ती बैलगाडीतून येई, यात्रेच्या माळावर उभी राही आणि पाल उठले की निघून जाई. मग ती संपली केव्हा, हे कसे सांगावे?

नांदेड-लातूर रस्त्यावरील माळेगावची खंडोबाची यात्रा या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. मार्गशीर्ष वद्यात भरणारी ही यात्रा घोडे, गाढवे, उंट यांच्या बाजारासाठी आणि तमाशाच्या फडांसाठी प्रसिद्ध. लातूरला महाशिवरात्रीस सिद्धेश्वराची यात्रा भरते. अशा यात्रांतून जुन्या पिढीने पाहिलेला रहाटपाळणा म्हणजे दोन लाकडी खांब, मधे आस आणि चार पेट्या. इंजिन नाही, वीज नाही. पाळणेवाला खाली आलेली पेटी हाताने ढकली. कधी स्वतःच दांड्यावर चढून आपल्या अंगाच्या भाराने चाक फिरवी. वेग त्याच्या दमावर ठरे. मूल रडू लागले तर पाळणा थांबे, हे यंत्राला जमत नाही.

या चाकाला आपण सहज ‘जायंट व्हील’ म्हणतो आणि १८९३ च्या शिकागो प्रदर्शनातील फेरिसच्या चाकाशी त्याचे नाते जोडतो. ते सुमारे २६४ फूट उंच, छत्तीस डब्यांचे होते. १९०६ मध्ये सुरुंग लावून ते पाडण्यात आले. परंतु हाताने फिरवायची चाके त्याहून फार जुनी. पिएत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशाने सतराव्या शतकाच्या आरंभी कॉन्स्टँटिनोपलमध्ये अशा चाकात बसल्याचे लिहून ठेवले आहे. आपल्याकडे तर शब्दच साक्ष देतो. विहिरीवरील रहाटगाडग्याची मडकी भरून वर येतात, रिती होऊन खाली जातात, पेट्यांचेही तसेच. शेतीच्या अवजाराला पाळणा जोडून शब्द घडला. त्यात परकीय काही नाही.

पुढे लोखंड आले, डिझेल इंजिन आले, रंगीत दिवे आले, आणि ‘रहाट’ गळून ‘आकाशपाळणा’ उरला. हा बदल मला केवळ शब्दाचा वाटत नाही. पहिल्या नावात फिरवणारा हात सूचित आहे. दुसऱ्यात फक्त बसणाऱ्याची नजर. विहिरीवर विजेचे पंप बसले तसा रहाटही दिसेनासा झाला. आज विद्यार्थ्यांना ‘संसाराचे रहाटगाडगे’ शिकवताना आधी चित्र काढून दाखवावे लागते, हा अनुभव अनेक शिक्षकांचा असेल.

त्याच माळावरून आणखीही काही गेले. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये उभारलेल्या सर्कसपासून चालत आलेला वाघसिंहांचा खेळ १९९८ च्या केंद्रीय अधिसूचनेने आणि २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने थांबला. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. त्या पिंजऱ्यांत दुःखच होते. पण त्या खेळाची निदान तारीख सापडते. पाळणेवाल्याच्या बाबतीत ना अधिसूचना, ना निकाल. कोरोनाच्या काळात यात्रा भरल्या नाहीत, नंतर पुन्हा भरू लागल्या, मोठे विद्युत पाळणे परतले. चार पेट्यांचे लाकडी चाक कुठे एखाद्या लहान जत्रेत, गल्लीच्या तोंडाशी, लोखंडी सांगाड्याच्या रूपात अजून हाताने फिरताना दिसते. फिरवणाऱ्याचे नाव विचारायचे राहून जाते.