भंडारदऱ्याचें पाणी आणि बेलापूरचें स्टेशन

प्रवरा नदी रतनगडाच्या डोंगरांत उगम पावते. तिच्या उत्तरेस कळसूबाईची रांग असून तिचें 1,646 मीटर उंचीचें शिखर महाराष्ट्रांतील सर्वोच्च होय. पावसाळ्याचे चार महिने या खोऱ्यांत अक्षरशः पाण्याचे लोट वाहतात. पूर्वीं हें सारें पाणी रंधा धबधब्यावरून उडी घेऊन अकोले, संगमनेर व नेवासें मागें टाकीत गोदावरीस जाऊन मिळे. आणि कांठच्या सपाट मुलुखास, जेथें वर्षाकाठीं जेमतेम पांचशें मिलिमीटर पाऊस पडतो, त्याचा फारसा उपयोग होत नसे.

या सपाट मुलुखांतून 1878 सालीं दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला. नुकताच मोठा दुष्काळ होऊन गेला होता. प्रवरेकांठच्या बेलापूर गांवाच्या नांवानें या मार्गावर एक स्टेशन झालें. मात्र गांव राहिलें नदीकांठीं आणि स्टेशन पडलें दोन कोस दूर, उघड्या माळावर. त्याच सुमारास अमेरिकेंत रेल्वेकंपन्या ओसाड जमिनींतून रूळ नेत, स्टेशनाभोंवतीं रस्ते आखीत, जागा विकीत, आणि पाहतां पाहतां तेथें शहर उभें राही. बेलापूरच्या माळास तें भाग्य लाभलें नाहीं. वाहून न्यावयास गाडी आली, पण वाहून न्यावें असें फारसें कांहीं पिकतच नव्हतें!

तें पिकविलें भंडारदऱ्यानें. शेंडी गांवाजवळ, जेथें दरी अरुंद होते तेथें, 1910 सालीं धरणाचें काम सुरू झालें. दगडचुन्याची ही भिंत 1926 सालीं पुरी झाली, तेव्हां तिची उंची 270 फूट भरली. तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचें नांव धरणास देण्यांत आलें, आणि जलाशय ‘आर्थर लेक’ म्हणून ओळखला जाऊं लागला. सांठविलेलें पाणी नदीच्याच पात्रांतून खालीं सोडावयाचें, ओझर येथील बंधाऱ्यापाशीं तें अडवून दोन्हीं तीरांच्या कालव्यांत वळवावयाचें, अशी ही योजना आहे.

कालव्यामागून ऊंस आला. हरेगांवीं बेलापूर कंपनीनें साखर कारखाना काढला. पुढें 1950 सालीं लोणी येथें शेतकऱ्यांच्या सहकारी कारखान्यानें गाळप सुरू केलें. गूळ, साखर, धान्य यांच्या व्यापारासाठीं आडते आणि हमाल स्टेशनाभोंवतीं जमले. हेंच आजचें श्रीरामपूर. शहर तालुक्याचें ठाणें झालें, जुन्या बेलापुराहून कितीतरी मोठें झालें. पण तेथें उतरणाऱ्या उतारूस फलाटावर आजहि ‘बेलापूर’ हीच पाटी दिसते.

म्हणजे भंडारदऱ्याच्या पाण्यावर शहर वसलें तें शंभर किलोमीटरांहून अधिक दूर. खुद्द भंडारदऱ्यास रेल्वे कधींच आली नाहीं. जवळचीं स्टेशनें घोटी व इगतपुरी, आणि तींहि कळसूबाईच्या रांगेपलीकडे. दरींतील सखल जमीन जलाशयाखालीं गेली. महादेव कोळी व ठाकर कुटुंबांस उतारावरील भात, नागली आणि वरई यांवर भागवावें लागलें. ओझरचा बंधारा भंडारदऱ्याच्या कितीतरी खालीं. कालव्याचें पाणी उताराबरोबर पुढेंच जाणार. तें मागें डोंगरांत चढत नाहीं. रतनवाडीच्या शिवारांतून समोर जलाशय पसरलेला दिसतो, अमृतेश्वराचें कोरीव देऊळहि त्याच कांठीं आहे. पावसाळा ओसरल्यावर मात्र त्या जलाशयाकडे पाहत उतारावरचीं भाताचीं खाचरें कोरडीं पडत.