माडीवरची वाघळं

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, तिकडचा कापूस अडला आणि विलायतेच्या गिरण्यांनी वऱ्हाडच्या कापसाला भाव दिला. त्या पैशातून आमच्या मुलखात सागाच्या माड्या चढल्या. जळगाव जामोदच्या आमच्या घरची माडीही कापूस ठेवायचीच. पुढं कापूस शेतातून थेट जिनात जाऊ लागला, माडी ओस पडली आणि तिथं वाघळं नांदू लागली. बारकी, किडे खाणारी.

शेजारचे म्हणत, मिरच्यांची धुरी द्या, रात्रीत पळतील. आजी आडवी आली. ‘धुपट नोको करजो बाप्पा, वर तिची लेकरं हायेत.’ खरंच होतं. उडता न येणारं पिल्लू धुरात तिथंच मरतं.

पोळा फुटेपर्यंत थांबलो. मग रोज दिवेलागणीला अंगणात बसून ती कुठून निघतात ते पाहिलं. एक भेग सोडून बाकीच्या चुन्यामातीनं लिंपल्या. तिच्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा वरून ठोकला, खालून मोकळा. बाहेर पडताना कापड सरकतं, आत शिरायला वाट गवसत नाही. आठ दिवसांनी एकही निघेना, तेव्हा तीही बुजवली. लेंड्यांवर पाणी शिंपडलं, नाकाला फडकं बांधून त्या भरल्या; वाळली धूळ छातीला वाईट.

१९७२च्या वन्यजीव कायद्यानं फळं खाणारी वटवाघळं २०२२च्या दुरुस्तीपर्यंत उंदरांच्या पंगतीत, उपद्रवी म्हणून बसवली होती. आमची तर रात्रीचे पतंग टिपणारी. घरातून गेली, शिवारात राहिली, हे कपाशीच्याच भल्याचं झालं.