हजेरीपटाबाहेरचा खोकला

चंद्रपूर जिल्ह्यातल्या माजरीच्या कोळसा खाणीत भरती होताना वैद्यकीय तपासणी होते, छातीचा एक्स-रे निघतो. पुढे ठरावीक वर्षांनी 'पीएमई', म्हणजे पुन्हा वैद्यकीय तपासणी. ज्याची छाती धड नाही तो दारातच गळतो. ज्याची नंतर बिघडते तो 'अनफिट' होऊन घरी बसतो. मग हजेरीपटावरची माणसं गावातल्या इतरांपेक्षा धडधाकट निघाली तर कोळशाची धूळ निर्दोष ठरते का?

संशोधनातली ही फसगत जुनी आहे. इंग्लंडच्या जन्म-मृत्यू नोंदणी खात्यात विल्यम ऑगल धंद्यावार मृत्यू मोजत असत. 1885 च्या अहवालात त्यांनी बजावलं की, अंगमेहनतीचे धंदे अशक्तांना मुळातच घेत नाहीत. शिवाय प्रकृती ढासळली की माणूस जड काम सोडून हलकं धरतो. मेला की नोंद त्या हलक्या धंद्याच्या नावावर! खाण नामानिराळी.

यावरचा उतारा मात्र पायपिटीचा. 1950 च्या सुमारास वेल्समधल्या ऱ्होंडा फाख खोऱ्यात आर्ची कॉक्रन यांनी खाणकामगारांबरोबर खाण सोडून गेलेल्यांचेही एक्स-रे काढले. शंभरातल्या नव्वदांहून अधिक जण येईपर्यंत त्यांनी पिच्छा पुरवला; न येणाऱ्यांतच आजार दडलेला असू शकतो, हे ते ओळखून होते. एवढा चिवटपणा आजही विरळाच. या फसगतीला 'निरोगी कामगार परिणाम' हे नाव रूढ झालं ते पुढे, अँथनी मॅकमायकल यांच्या 1976 च्या लेखानंतर.

दवाखान्यात बसून मोजलं तरी गणित चुकतंच, कारण तिथवर न पोचणारे सुटतात. शेजारच्या गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी म्हणूनच थेट दोन गावं गाठली. 'लॅन्सेट'मध्ये 1989 साली आलेल्या त्या अभ्यासात 650 स्त्रियांपैकी 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के.

माजरीत धुळीचा खरा हिशेब मांडायचा तर सुरुवात निवृत्तांच्या आणि 'अनफिट' झालेल्यांच्या यादीपासून करावी लागेल. काम संपल्यावर निघून गेलेले ठेकेदारी मजूर त्याहून अवघड. त्यांचे पत्ते तेलंगण, बिहारपर्यंत शोधायचे, आणि तेही धाप लागून अंथरूण धरण्याआधी.