न लागलेली जोड

मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या जुन्या शौकिनांना एकदा विचारून बघा, "फ्योदोर मोठा की कुटूर?" आणि बाजूला बसा. तास-दीड तासाची निश्चिंती. या लढतीची बोलणी २००७ साली सुरू झाली. दोघेही आता निवृत्त झाले आहेत. लढत काही झाली नाही, वाद मात्र चालूच आहे.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही (म्हणजे आमच्या घरातले बहुतेक सगळे :) ) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कुस्ती, मुष्टियुद्ध, ज्यूदो, किकबॉक्सिंग, ब्राझीलचं जिउ-जित्सू, जे येत असेल ते वापरायचं. ठोसा, लाथ, उचलून आपटणं, हात मुरगाळणं, गळा आवळणं सगळं चालतं. चावायला आणि डोळ्यांत बोट घालायला बंदी. समोरचा बेशुद्ध पडला, पंचानं थांबवलं किंवा त्यानं हातानं थोपटून हार कबूल केली की संपलं. नाहीतर शेवटी गुण मोजतात.

१२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेत डेन्व्हरला 'अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप', म्हणजे यूएफसीची पहिली स्पर्धा झाली. आठ जण, एकच रात्र, वजनगट नाहीत. आर्ट जिमरसन नावाचा बॉक्सर तर एकाच हातात ग्लोव्ह घालून उतरला होता. जिंकला रॉइस ग्रेसी, जेमतेम ऐंशी किलोचा, दिसायला कॉलेजातल्या पोरासारखा. त्या रात्री पहिल्या नंबरचा आव्हानवीर कोण वगैरे चर्चेला वावच नव्हता. शेवटी जो उभा राहिला तो मोठा. पुढे वजनगट आले, फेऱ्या आल्या, पट्टे आले, करार आले आणि त्यांच्या मागोमाग वाद आला.

वादाचं मूळ असं की या खेळाची दोन गावं वसली. एक अमेरिकेत यूएफसीचं, दुसरं जपानात 'प्राइड'चं. प्राइडची पहिली स्पर्धा ऑक्टोबर १९९७ मध्ये टोकियो डोममध्ये झाली. दोन्हीकडे हेवीवेट विजेता वेगळा, पट्टा वेगळा, नियमही वेगळे. यूएफसीत आठ कोनांचा पिंजरा, पाच मिनिटांच्या फेऱ्या, कोपर मारायला मुभा. प्राइडमध्ये बॉक्सिंगसारखं दोऱ्यांचं रिंगण, पहिली फेरी सरळ दहा मिनिटांची, डोक्यावर कोपर मारायला बंदी, पण पडलेल्याच्या डोक्यावर लाथ मारायला मोकळीक! (हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी डोळे मिटले होते.) त्यामुळे "तुमचा आमच्याकडे टिकेल का" या प्रश्नाला खरंच अर्थ होता. पिंजऱ्याच्या जाळीला दाबून धरणारा कुस्तीगीर दोऱ्यांच्या रिंगणात काय करणार? आणि दहा मिनिटांच्या फेरीची सवय असलेला पाच मिनिटांच्या फेरीत गुण कसे मिळवणार? हे प्रश्न रिकामटेकड्यांचे नव्हते.

प्राइडच्या गावचा राजा म्हणजे फ्योदोर एमेलियानेन्को. (अमेरिकन लोक फेडोर म्हणतात, पण दोस्तोयेव्हस्कीमुळे आपल्या तोंडात फ्योदोर बसलेलं आहे.) जन्म १९७६ चा, युक्रेनमधल्या रुबिझ्ने गावचा, वाढला रशियात स्तारी ओस्कोल इथं. साम्बो आणि ज्यूदो हे त्याचं शिक्षण. पोट किंचित सुटलेलं, चेहऱ्यावर राग नाही की भीती नाही. बँकेच्या रांगेत उभा राहिला तर कुणी वळून बघणार नाही. मार्च २००३ मध्ये त्यानं योकोहामाला नोगेराला हरवून पट्टा घेतला. जून २००४ मध्ये केव्हिन रँडलमननं त्याला उचलून डोक्या-मानेवर असा आपटला की बघणाऱ्याला वाटावं, संपला हा माणूस. त्यानंतर मिनिटभरातच फ्योदोरनं रँडलमनचा हात पिळून लढत जिंकली. ऑगस्ट २००५ मध्ये लाथांसाठी प्रसिद्ध असलेल्या क्रोएशियाच्या मिर्को क्रो कॉपला त्यानं वीस मिनिटं मागं रेटलं. त्याच्या नावावर तोवर एकच हार होती, डिसेंबर २००० मधली. तीही त्सुयोशी कोसाकाच्या कोपरानं भुवई फाटली आणि १७ सेकंदांत डॉक्टरांनी थांबवलं म्हणून. कोपर नियमाबाहेरचं होतं, पण स्पर्धेत कुणीतरी पुढे जाणं भाग होतं.

ती लढत 'रिंग्ज' नावाच्या जपानी संस्थेतली. रिंग्ज काढली अकिरा माएदानं, आणि माएदा हा अँटोनिओ इनोकीच्या तालमीत तयार झालेला. हा तोच इनोकी, ज्यानं १९७६ च्या डिसेंबरात कराचीत अक्रम पैलवानाचा हात निकामी केला. अक्रम म्हणजे इमाम बक्षचा मुलगा, गामा पैलवानाचा सख्खा पुतण्या. इनोकी एरवी ठरवून केलेल्या कुस्त्यांचा बादशहा (आपल्या भाषेत नुरा कुस्ती), पण कराचीची ती लढत खरी झाली. तर आपल्या लाल मातीपासून फ्योदोरपर्यंतचं अंतर वाटतं तेवढं लांबचं नाही.

यूएफसीच्या गावात रँडी कुटूर. १९६३ चा जन्म, ग्रीको-रोमन कुस्तीतला, या खेळात आला तोच चौतिशीच्या उंबरठ्यावर. २००६ च्या सुरुवातीला निवृत्त झाला आणि मार्च २००७ मध्ये ४३ व्या वर्षी परत येऊन सहा फूट आठ इंच उंचीच्या टिम सिल्व्हियाकडून हेवीवेटचा पट्टा घेतला. पाच फेऱ्या, तिन्ही पंचांच्या कागदावर ५०–४५. अशा माणसाच्या प्रेमात पडायला चाहते लागतात कशाला, आमची आजीसुद्धा पडली असती.

त्याच मार्चमध्ये जाहीर झालं की यूएफसीचे मालक प्राइड विकत घेत आहेत. शौकिनांना वाटलं, आता दोन्ही गावांची वेस पडली! पण फ्योदोर त्या खरेदीत आला नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये तो 'एम-वन' या गटाबरोबर गेला. त्याच महिन्यात कुटूरनं यूएफसीचा राजीनामा दिला. पैशांची तक्रार होतीच, पण फ्योदोरशी गाठ घालून देत नाहीत हेही कारण त्यानं उघड सांगितलं. कंपनीचं म्हणणं, करार आहे, असं जाता येत नाही. प्रकरण कोर्टात गेलं. विजेता आपला पट्टा घेऊन घरी बसलेला, समोरचा रशियात बसलेला, आणि मधे वकील!

मग चाहत्यांनी काय करावं? त्यांनी त्रैराशिक मांडलं. जुलै २००८ मध्ये फ्योदोरनं त्याच सिल्व्हियाला ३६ सेकंदांत संपवलं. कुटूरला पाच फेऱ्या लागल्या होत्या, म्हणजे फ्योदोर मोठा. थांबा! क्रो कॉपला यूएफसीत गोन्झागानं पहिल्याच फेरीत लाथेनं झोपवलं, त्या गोन्झागाला कुटूरनं तिसऱ्या फेरीत संपवलं, आणि फ्योदोरला क्रो कॉपसाठी पुरा वेळ लागला होता. म्हणजे कुटूर मोठा. थांबा! २००९ साली नोगेरानं कुटूरला हरवलं, आणि त्या नोगेराला फ्योदोरनं दोनदा हरवलेलं. शिवाय फ्योदोरच्या विरोधकांकडे हुकमाचं पान होतं: त्यानं मधल्या काळात कुणाकुणाशी लढती केल्या बघा की. २००७ च्या अखेरच्या रात्री समोर कोण, तर हाँग मान चोई, सात फुटांहून उंच, पण या खेळात नवखा. हे म्हणणं खोटं नव्हतं.

त्रैराशिकातली खोट सगळ्यांना कळत होती. 'अ'नं 'ब'ला आणि 'ब'नं 'क'ला हरवलं, म्हणून 'अ' 'क'ला हरवेल असं मल्लांच्या बाबतीत होत नाही. एकाचा डाव दुसऱ्याला लागू पडतो, तिसऱ्याला पडत नाही. तरी मांडत होते, कारण दुसरं साधनच नव्हतं. कंपनीनं पहिल्या दहाची यादी छापायला सुरुवात केली ती २०१३ मध्ये. त्याआधी क्रमवारी होती ती पत्रकारांची आणि शौकिनांची, आणि तिच्यात दोन्ही गावांचे मल्ल एकाच शिडीवर उभे असत. खेळाला शिडी हवी असते. ज्यांनी बांधायची त्यांनी बांधली नाही, म्हणून बघणाऱ्यांनी बांधली.

आणि ज्यांच्या हातात होतं त्यांनी काय केलं? कुटूर सप्टेंबर २००८ मध्ये परतला, तर त्याच्यासमोर आव्हानवीर म्हणून उभा केला ब्रॉक लेस्नरला. लेस्नरच्या नावावर या खेळातल्या एकूण तीन लढती, त्यातली एक हार! पण टीव्हीवरच्या नाटकी कुस्तीमुळे त्याचं नाव घरोघरी पोचलेलं, तिकिटं खपणार. लेस्नर दुसऱ्या फेरीत जिंकलाही, हे मान्य करायला हवं. २०१३ मध्ये तर चेल सोनन आदल्या लढतीत हरून आला आणि वरच्या वजनगटात थेट पट्ट्यासाठी लढला. म्हणजे यादी आली तरी ती पाळायचं बंधन कुणावर नव्हतं.

मुष्टियुद्धातही हे सगळं होतं, कदाचित जास्तच. पण तिथं पट्टा संघटनेचा असतो आणि लढत भरवणारा वेगळा. मानांकनाचे निकष लेखी हवेत, असं अमेरिकेत २००० साली मुहम्मद अलीच्या नावाच्या कायद्यानं सांगितलं. तो कायदा मिक्स्ड मार्शल आर्ट्सला लागू झाला नाही. इथं जोड लावणारा, पट्टा देणारा आणि मल्लाशी करार करणारा एकच. आपल्याकडे मैदान भरवणाऱ्यांनीच गदा, पंच आणि पैलवान तिन्ही स्वतःच्या खिशात ठेवले तर गावकरी काय म्हणतील? डिसेंबर २०१४ मध्ये काही मल्लांनी या मक्तेदारीविरुद्ध दावा लावला. तो दहा वर्षं चालला आणि ३७.५ कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटला. पैसे मिळाले, वय परत मिळालं नाही.

२००९ च्या जुलैमध्ये मात्र लढत व्हायच्या बेतात होती. फ्योदोरला सामावून घेणारी अ‍ॅफ्लिक्शन ही कंपनी लढती भरवायच्या धंद्यातून बाहेर पडली होती आणि यूएफसीनं त्याच्याशी बोलणी सुरू केली. अडलं कुठं, तर एम-वनला स्पर्धा संयुक्तपणे भरवायच्या होत्या आणि यूएफसीला भागीदार नको होता. सगळा दोष कंपनीच्या माथी मारणारे फ्योदोरभक्त हे सोयीनं विसरतात. त्याच्या बाजूच्या माणसांनीही त्याला सौद्यातला माल म्हणूनच वापरला. तो स्ट्राइकफोर्स या तिसऱ्याच कंपनीत गेला.

२६ जून २०१० च्या रात्री सॅन होजेला समोर फाब्रिसिओ व्हेर्डुम होता. फ्योदोरनं ठोसे मारले, व्हेर्डुम पाठीवर पडला, आणि फ्योदोर त्याच्या पायांच्या कात्रीत आपणहून शिरला. ६९ सेकंदांत थोपटावं लागलं. जवळजवळ साडेनऊ वर्षांनी हार! अमेरिकन शौकीन म्हणाले, "बघा, सांगत होतो." कारण व्हेर्डुमला यूएफसीनं २००८ मध्ये ज्युनियर दोस सांतोसकडून हरल्यावर काढून टाकलं होतं. पुढच्या वर्षभरात फ्योदोर आणखी दोनदा हरला. वाद संपला असं वाटेपर्यंत व्हेर्डुम यूएफसीत परतला आणि जून २०१५ मध्ये मेक्सिको सिटीत केन व्हेलास्केझला हरवून हेवीवेटचा विजेता झाला. आता "बघा" म्हणायची पाळी दुसऱ्या बाजूची.

माझं मत विचाराल तर २००३ ते २००५ मधला फ्योदोर कुटूरला जड गेला असता. २००९ च्या फ्योदोरवर मी पैज लावणार नाही. पण हे माझं मत, त्याला पुरावा नाही, आणि पुरावा असू शकत नाही हेच दुखतं.

हे दुखणं नवीनही नाही. १९१० साली गामा लंडनला गेला, अमेरिकन रोलरला हरवलं, झ्बिश्कोशी अडीच तासांवर कुस्ती बरोबरीत सुटली आणि पुन्हा ठरलेल्या दिवशी झ्बिश्को आलाच नाही. पण त्या वेळचा मोठा विजेता म्हणजे अमेरिकेचा फ्रँक गॉच, आणि गामानं आव्हान देऊनही गॉचशी त्याची जोड लागली नाही. शंभर वर्षांनी फ्योदोर आणि कुटूर. आणि मग २०२३ च्या जानेवारीत हेवीवेट विजेता फ्रान्सिस एन्गानू करार न करता यूएफसी सोडून गेला, मार्चमध्ये जॉन जोन्स त्या रिकाम्या पट्ट्याचा मालक झाला, आणि २०२५ च्या जूनमध्ये जोन्सनं निवृत्ती जाहीर केली तोवर दोघे समोरासमोर आलेच नव्हते. तेच वजन, तीच कहाणी.

फ्योदोरची शेवटची लढत ४ फेब्रुवारी २०२३ रोजी कॅलिफोर्नियात इंगलवूडला झाली. रायन बेडरकडून तो पहिल्याच फेरीत हरला. वय ४६. नंतर त्याला निरोप द्यायला जुने मल्ल पिंजऱ्यात आले. रॉइस ग्रेसी होता, कोलमन होता, आणि ५९ वर्षांचा रँडी कुटूरही होता. फ्योदोरनं ग्लोव्ह काढून खाली ठेवले.