माडबन, साखरी नाटे आणि अणुविजेवरचा अविश्वास

जिवतीच्या पहाडावरून खाली राजुऱ्याकडे उतरलं की कोळशाचा मुलूख सुरू होतो. पुढे चंद्रपूरचं २९२० मेगावॅटचं महाऔष्णिक केंद्र. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तेव्हा चंद्रपूर चौथ्या क्रमांकावर होतं. राख, काळी धूळ आणि खाणीत गेलेली शेतं या जिल्ह्यातल्या माणसाला कुणी समजावून सांगायची गरज नाही. त्यामुळे अणुविजेचं नाव निघालं की मी लगेच विरोधात उभा राहत नाही.

हिशेब साधा आहे. आपल्याकडच्या जड पाण्याच्या अणुभट्टीत एक किलो नैसर्गिक युरेनियमपासून साधारण ५० हजार युनिट वीज मिळते. तेवढ्याच विजेसाठी ३० टनांहून जास्त कोळसा जाळावा लागतो. अणुभट्टीतून धूर निघत नाही, राखेचे ढीग साचत नाहीत. मागे उरतं ते वापरलेलं इंधन. आकाराने थोडं, पण हजारो वर्षं जपून ठेवावं लागणारं.

फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने २०४७ पर्यंत एक लाख मेगावॅट अणुविजेचं उद्दिष्ट जाहीर केलं. तेव्हा देशाची क्षमता नऊ हजार मेगावॅटच्याही आत होती. म्हणजे पुढच्या वीस-बावीस वर्षांत अणुभट्ट्यांसाठी अनेक गावांच्या वेशीवर सरकारी गाड्या येणार. अशा वेळी अधिकारी एक वाक्य हमखास बोलतात: लोकांच्या मनात गैरसमज आहेत, त्यांना फायदे नीट समजावून सांगा. हा उपाय पुरेसा आहे का, हे महाराष्ट्राच्याच इतिहासात तपासता येतं.

देशातलं पहिलं अणुवीज केंद्र आपल्या राज्यात, तारापूरला, ऑक्टोबर १९६९ मध्ये सुरू झालं. पुढे २००५ आणि २००६ मध्ये तिथे ५४० मेगावॅटच्या दोन नव्या भट्ट्या आल्या. त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठवावी लागली. पुनर्वसनाच्या तक्रारी उच्च न्यायालयापर्यंत गेल्या. वीज देशाला मिळाली, पण उठलेल्या माणसांचा हिशेब मिटायला तयार नव्हता. कोकणातल्या लोकांना ही गोष्ट माहीत होती.

त्याच सुमारास, २००५ मध्ये, रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूर प्रकल्पाला तत्त्वतः मंजुरी मिळाली. फ्रान्सच्या अरेवा कंपनीच्या प्रत्येकी १६५० मेगावॅटच्या सहा भट्ट्या, एकूण ९९०० मेगावॅट. माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली या गावांची सुमारे ९४० हेक्टर जमीन घ्यायची होती. बहुतेक खातेदारांनी सुरुवातीला मोबदल्याचे धनादेशच नाकारले. पर्यावरण अहवाल नागपूरच्या नीरी संस्थेने तयार केला. मे २०१० मध्ये जनसुनावणी झाली, तेव्हा हा अहवाल मराठीत आणि वेळेवर मिळालाच नाही, अशी गावकऱ्यांची तक्रार होती. २८ नोव्हेंबर २०१० रोजी ३५ अटी घालून पर्यावरण मंजुरी दिली गेली. आठवडाभरात फ्रान्सचे अध्यक्ष सारकोझी भारतात होते आणि ६ डिसेंबरला करारांवर सह्या झाल्या. लोकांनी दोन तारखा शेजारी ठेवल्या आणि काय समजायचं ते समजून घेतलं. आधी ठरलं, मग विचारलं.

साखरी नाटेची गोष्ट आणखी वेगळी. खाडीपलीकडचं हे मच्छीमारांचं गाव, वस्ती प्रामुख्याने मुसलमानांची. त्यांची जमीन जात नव्हती, त्यामुळे भूसंपादनाच्या कागदांत त्यांचं नावही नव्हतं. त्यांची शेती म्हणजे समुद्र. भट्टीचं कोमट पाणी समुद्रात सुटल्यावर मासळीचं काय होईल? सुरक्षेच्या नावाखाली होड्यांना कुठवर जाऊ देतील? हे प्रश्न अडाणीपणाचे नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर पोट असलेल्या माणसाचे होते. माडबनचे हिंदू शेतकरी आणि साखरी नाटेचे मुस्लीम मच्छीमार एकाच आंदोलनात उतरले.

११ मार्च २०११ ला जपानमध्ये त्सुनामी आली आणि फुकुशिमाची दुर्घटना घडली. १८ एप्रिलला नाटे इथे आंदोलन भडकलं. जमावाने ठाण्यावर हल्ला केला, असं पोलिसांचं म्हणणं होतं. गोळीबारात साखरी नाटेचा एक तरुण मच्छीमार ठार झाला. २०१३ मध्ये सरकारने मोबदला हेक्टरी साडेबावीस लाखांपर्यंत वाढवला, तेव्हा बऱ्याच खातेदारांनी पैसे घेतले. पण पैसे घेणं आणि पटणं यांत फरक आहे. जैतापूरची वीज आजही कागदावरच आहे. याला लोकांचा विरोध हे एकच कारण नाही. अरेवा आर्थिक संकटात सापडली, विजेचा दर आणि अपघाताची भरपाई यांवरही घोडं अडलं.

जैतापूरला येणार होती त्याच जातीची भट्टी फिनलंडमध्ये युराजोकी गावाजवळ, ओल्किलुओतोला आहे. बांधकाम २००५ मध्ये सुरू झालं, खूप रखडलं आणि नियमित वीज २०२३ मध्ये मिळाली. तिथला कायदा असा की स्थानिक नगरपालिकेने नाही म्हटलं तर अणुप्रकल्प पुढे सरकत नाही. वापरलेलं इंधन जमिनीखाली कायमचं पुरण्याच्या प्रकल्पावर २००० मध्ये युराजोकीच्या सभेत मतदान झालं. २० विरुद्ध ७ मतांनी होकार मिळाला. इथे जाहिरातीपेक्षा मोठं काम त्या नकाराच्या हक्काने केलं. ज्याला नाही म्हणता येतं, त्याच्याच हो म्हणण्याला किंमत असते.

आपल्या सीरतच्या परंपरेत सफा टेकडीचा प्रसंग आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मक्केच्या लोकांना गोळा करून आधी विचारलं की, या टेकडीमागे फौज आहे असं सांगितलं तर मानाल का? लोकांनी होकार दिला, कारण त्यांनी त्यांना कधी खोटं बोलताना पाहिलं नव्हतं. संदेश त्यानंतर आला. तो सगळ्यांनी तिथेच स्वीकारला असंही नाही. पण बोलणाऱ्याची सचोटी चाळीस वर्षं त्या गावाने पाहिली होती, म्हणून लोक ऐकायला थांबले. अल-अमीन हे नाव आधीचं, पैगाम नंतरचा. अणुविजेचे फायदे सांगणाऱ्यांनी हा क्रम उलटा केला.

जुनी कोळसा केंद्रं बंद होतील तिथे छोट्या अणुभट्ट्या बसवता येतील का, याची चर्चा आता सरकारी पातळीवर चालू आहे. उद्या ती चंद्रपूरपर्यंत आली तर? मला त्यात चांगल्या शक्यता दिसतात. पण आधी कोळशाने उठवलेल्या गावांचा जुना हिशेब मिटवा. अहवाल मराठीत द्या, गोंडी-कोलामी बोलणाऱ्यांना त्यांच्या भाषेत समजावा आणि सुनावणीच्या आधी काही महिने द्या. कचरा कुठे ठेवणार, अपघात झाला तर भरपाई कोण देणार, हे फायद्यांच्या आधी सांगा. हवा-पाण्यातल्या किरणोत्साराची मोजणी प्रकल्पाशी संबंध नसलेल्या संस्थेकडून करून घ्या आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा.

आणि यादी करताना सातबारावर थांबू नका. आमच्या जिवतीत मराठवाड्यातून आलेली कितीतरी कुटुंबं वर्षानुवर्षं जमीन कसतात, पण पट्ट्यासाठी अजून खेटे घालतात. त्यांच्याही आधीपासून कोलाम आणि गोंड इथे राहतात. कागदावर नसलेली ही माणसं म्हणजे आमच्याकडचे साखरी नाटेचे मच्छीमार. त्यांना पहिल्या दिवशी, पहिल्या रांगेत बसवून विचारलं, तर अणुविजेबद्दल आमचं गाव शांतपणे ऐकून घेईल.