अग्निशामकाची परीक्षा

नांदेडला किंवा लातूरला अग्निशमन दलांत नोकरी मागणाऱ्या तरुणाची उंची मोजतात, छाती मोजतात, मग त्याला धांवावयास लावतात. ही कसोटी आली कोठून? कॅप्टन शॉ यानें १८६१ पासून तीस वर्षें लंडनचें दल चालविलें. भरतीला तो खलाशी पसंत करी. दोरावर चढणें, रात्रीं जागणें, हुकूम पाळणें त्यांच्या अंगवळणीं पडलेलें असे. आपल्याकडील शिडीच्या परीक्षेंत त्या जहाजी तालमीचा अंश असावा, असें मला वाटतें.

१४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या गोदींत जहाजच पेटलें. 'फोर्ट स्टिकीन'वर कापूस आणि दारूगोळा एकत्र भरलेला! दोन स्फोट झाले. ६६ अग्निशामक गेले. त्यांचें बळ उणें नव्हतें; जहाज बाहेर न्यावें कीं बुडवावें, हा वरिष्ठांचा निर्णयच वेळेवर झाला नाहीं.

आगीचें शास्त्र शिकविणारें राष्ट्रीय महाविद्यालय १९५७ सालीं नागपुरास आलें. तेथें पहिली विद्यार्थिनी, हर्षिनी कान्हेकर, दाखल झाली ती २००२ मध्यें. आतां लातूरची मुलगीही अर्ज भरूं शकते. उंची तिचीही मोजतात. छातीचें माप मात्र तिला लागत नाहीं.